टोमॅटोची छाटणी : घरच्या बागेत करावी काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात 'परसबाग' या विषयावर दिलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमात माझ्या वाट्याला आलेला विषय दिसावयास लहानच आहे. टोमॅटोच्या झाडाची छाटणी करावी की करू नये, एवढाच तो प्रश्न. परंतु ज्या घरी अंगणात चार झाडे आहेत, त्या घरी हा प्रश्न दर हिवाळ्यात येतोच, आणि तो आला की घरात दोन तट पडतात. एक तट मोबाईलवरील चित्रफिती पाहणाऱ्यांचा. त्यांत परदेशातील एखादा माळी झाडाच्या बगलेतील प्रत्येक फूट चिमटीने मोडून टाकतो आणि मग लालभडक फळांचे घोस दाखवितो. दुसरा तट घरच्या वडीलधाऱ्या बायकांचा. 'फळत्या झाडाला हात लावू नये,' हे त्यांचे म्हणणे. सून एक म्हणते, सासू दुसरे म्हणते आणि झाड बिचारे दोघींच्या मध्ये उभे असते.

दोघींच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मात्र कोणाचे म्हणणे केव्हा खरे, हे कळल्याशिवाय झाडाला हात लावू नये. माझे उत्तर मी आधीच सांगून टाकते आणि मग त्याची कारणे देते. छाटणी हे जागेचे गणित आहे. फळे वाढविण्याचा मंत्र नव्हे. ज्यांच्याजवळ जागा थोडी आहे त्यांनी थोडी छाटणी जरूर करावी. ज्यांच्या अंगणात झाडाला हातपाय पसरावयास जागा आहे, त्यांनी पुसदच्या उन्हात झाडाची पाने काढून स्वतःचे नुकसान करून घेऊ नये.

शेतीचा विचार आपल्या तालुक्याला नवा नाही. गहुलीत १ जुलै १९१३ रोजी जन्मलेले वसंतराव नाईक पुसदला वकिली करीत होते, पुढे १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री झाले, आणि त्यांचा जन्मदिवस आज सबंध महाराष्ट्रात कृषिदिन म्हणून पाळला जातो. पण शेती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कपाशी, तूर, सोयाबीन येते. घराच्या मागे न्हाणीच्या पाण्यावर वाढणारे भेदऱ्याचे झाड कोणी शेतीत धरीत नाही. ते आपल्याकडे असते आणि त्याचा विचारही आपणच करावयाचा असतो.

प्रथम छाटणी म्हणजे काय, ते पाहू. टोमॅटोच्या मुख्य खोडाला पान फुटते. ते पान आणि खोड यांच्या मधल्या बगलेतून काही दिवसांनी एक कोवळी फूट डोके वर काढते. हिला शेतकरी बगलफूट म्हणतात. ती वाढू दिली तर तिचीच एक फांदी होते, तिला पाने येतात, फुले येतात, आणि तिच्याही बगलेतून आणखी फुटी निघतात. अशा रीतीने एका खोडाचे पाहता पाहता झुडूप होते. या बगलफुटी लहान असतानाच काढून टाकणे आणि झाड एका किंवा दोन खोडांवर वाढविणे, हीच टोमॅटोची छाटणी. फुलांचा घोस मात्र पानाच्या बगलेतून येत नाही. तो दोन पानांच्या मध्ये थेट खोडातून निघतो. हा फरक डोळ्यांत पक्का बसवावा, म्हणजे फुटीऐवजी घोस मोडला जाणार नाही.

येथे एक घोटाळा पुष्कळदा होतो. आपण सगळ्याजणी हरभऱ्याची भाजी खुडतो. शेंडे खुडले की हरभऱ्याला बाजूच्या फांद्या फुटतात आणि घाटे अधिक लागतात. तुरीचेही शेंडे खुडतात ते त्याचसाठी. त्यावरून कोणी म्हणते की, खुडल्याने झाड फळते, मग टोमॅटोही खुडावा. पण हरभऱ्यात आपण शेंडा काढतो आणि बाजूच्या फांद्या वाढवितो. टोमॅटोत शेंडा राखतो आणि बाजूच्या फांद्या काढतो. एक काम दुसऱ्याच्या अगदी उलट आहे. झाडाच्या शेंड्याचा खालच्या फुटींवर दाब असतो. शेंडा गेला की तो दाब जातो आणि फुटी मोकळ्या होतात. म्हणून हरभरा खुडून फांद्या वाढतात, आणि टोमॅटोच्या फुटी काढून फांद्या कमी होतात. एका पिकाचा नियम दुसऱ्याला लावून चालत नाही.

आता फुटी काढल्याने लाभ कोणता आणि तोटा कोणता, ते पाहू. झाडाचे पान ही त्याची चूल आहे. सूर्याचे ऊन, हवा आणि मुळांनी आणलेले पाणी यांवर त्या चुलीवर झाडाचा स्वयंपाक होतो, आणि त्याच स्वयंपाकातून फळ भरते. फुटी काढल्या की खाणारी तोंडे कमी होतात, म्हणून उरलेल्या फळांच्या वाट्याला अधिक येते. ती मोठी होतात आणि काहीशी लवकर पिकतात. पण फुटींबरोबर त्यांची पानेही जातात, म्हणजे चुलीही कमी होतात, आणि त्या फुटींवर जी फळे आली असती तीही जातात. म्हणून छाटलेले एक झाड न छाटलेल्या झाडापेक्षा एकूण कमी वजनाची फळे देते. फळे मोठी, लवकर, पण थोडी. हा छाटणीचा खरा जमाखर्च होय.

मग शेतकरी छाटणी करतात ती कशासाठी? शेतकऱ्याला आपले फळ बाजारात न्यावयाचे असते. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव किंवा नाशिक जिल्ह्यातील पिंपळगाव बसवंत येथे टोमॅटोचे मोठे बाजार आहेत. त्या भागातील शेतकरी बांबू रोवून, तारा ओढून, सुतळीने झाडे वर बांधतात. झाडे उभी राहिली की सरीत फिरता येते, औषध मारता येते, फळ मातीला लागत नाही आणि एका आकाराचा माल क्रेटमध्ये भरता येतो. शेडनेटमध्ये किंवा हरितगृहात तर प्रत्येक फूट जागेचा खर्च मोजावा लागतो; तेथे एका-दोन खोडांवर झाड उंच नेतात, ते योग्यच आहे. इंग्लंडसारख्या देशात तर कारण आणखी निराळे. तेथे उन्हाळा तोकडा आणि आभाळ बहुधा झाकलेले. थंडी पडण्यापूर्वी फळ पिकले पाहिजे, म्हणून तेथील हौशी माळी फुटी काढतात आणि उघड्यावरील झाडाला चार-पाच घोस लागले की शेंडाही खुडतात. त्यांना ऊन पुरत नाही. आपल्याला ते सोसत नाही. त्यांची चित्रफीत पाहून आपण आपल्या झाडाची पाने काढणे म्हणजे दुसऱ्याच्या आजाराचे औषध आपण घेणे आहे.

जागेचे गणित मी एका साध्या उदाहरणाने मांडते. समजा, भिंतीलगत सहा फूट लांबीचा एक वाफा आहे. झाड मोकळे वाढू द्यावयाचे तर दोन झाडांत तीन फूट अंतर हवे. म्हणजे त्या वाफ्यात दोन झाडे बसली. एका खोडावर बांधून वाढवावयाचे तर दीड फूट पुरते. म्हणजे चार झाडे बसली. आता केवळ हिशेब समजावा म्हणून धरू की, मोकळ्या झाडाने चार किलो फळ दिले आणि छाटलेल्याने दोन किलो. दोन्हीकडे बेरीज आठ किलोच आली. मग फरक काय पडला? चार झाडांना चार रोपे लागली, चार काठ्या लागल्या, दर आठवड्याला फुटी काढण्याची मेहनत लागली. त्याच्या बदल्यात फळ थोडे लवकर आणि मोठे मिळाले. पण कोणी त्याच वाफ्यात दोनच झाडे लावून त्यांचीही छाटणी केली, तर तिच्या हाती चारच किलो येतील. छाटणी करावयाची तर झाडे जवळ लावावयाची, हा त्यातला अर्थ आहे. झाडे लांब लावून छाटणी करणे म्हणजे जागाही घालविणे आणि फळही.

म्हणून ज्या भगिनी वरच्या मजल्यावर राहतात, ज्यांच्याजवळ गॅलरीतील दोन कुंड्या किंवा जिन्याजवळची हातभर जागा आहे, त्यांनी दोन खोडे राखून झाड दोरीने वर न्यावे. त्यांना छाटणीचा लाभ आहे. ज्यांच्या घरामागे मोकळे अंगण आहे, त्यांनी झाडाला काठीचा आधार द्यावा, आणि फुटी बहुतांशी राहू द्याव्यात.

परंतु याच्याही आधी आपले झाड कोणत्या जातीचे आहे, हे ओळखले पाहिजे. टोमॅटोचे दोन मोठे वर्ग आहेत. एक अमर्यादित वाढीचा, म्हणजे वेलासारखा वाढतच जाणारा. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेची जुनी 'पुसा रुबी' या वर्गातली. दुसरा मर्यादित वाढीचा, म्हणजे ठरावीक उंचीला थांबणारा झुडपी. त्याच संस्थेची 'पुसा अर्ली ड्वार्फ' ही या वर्गातली. बुटकेपणा तिच्या नावातच आहे. या दोहोंच्या मधल्या, अर्धमर्यादित वाढीच्या जातीही आहेत. बियाण्याच्या पाकिटावर 'डिटरमिनेट' किंवा 'इनडिटरमिनेट' असे शब्द असतात; पहिल्याचा अर्थ थांबणारी, दुसऱ्याचा न थांबणारी.

या झुडपी जातीची हकीकत मोठी गमतीची आहे. १९१४ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एका टोमॅटोच्या झाडात आपोआप एक बदल घडून आलेला आढळला. त्या झाडाच्या फांद्या थोडे वाढून फुलांच्या घोसाशीच थांबत. शास्त्रज्ञांनी या गुणाला जे नाव दिले त्याचा अर्थ 'स्वतःची छाटणी स्वतःच करणारा' असा आहे. पुढे कॅलिफोर्नियात १९६० नंतरच्या दशकात यंत्राने टोमॅटो तोडू लागले, ते अशाच झुडपी जातींच्या बळावर. सॉसच्या कारखान्यांसाठी लागणारा तेथील टोमॅटो अशाच झुडपांवर, एकही फूट न काढता, पिकतो. सांगण्याचा हेतू हा की, जे झाड आपली छाटणी आपणच करते, त्याची आणखी छाटणी आपण करू नये. अशा झाडाच्या प्रत्येक फांदीवर ठरावीकच घोस येतात. फांदी मोडली की तिच्यावरचे फळ गेलेच. त्याऐवजी दुसरीकडे ते येत नाही. घरी छाटणीने नुकसान होते ते बहुधा असेच, झुडपी झाडाला वेल समजून.

पाकीट हरवले असेल, किंवा रोपे बाजारातून सुटी आणली असतील, तरी झाड स्वतःच आपली जात सांगते. खोडावर फुलांचा एक घोस आणि त्याच्या वरचा दुसरा घोस, यांमधील पाने मोजावीत. दर वेळी तीन-तीन पाने असतील आणि शेंडा वाढतच असेल, तर झाड वेलवर्गी आहे. घोसांमध्ये एक किंवा दोनच पाने असतील आणि शेवटी शेंड्यावरच घोस येऊन वाढ थांबली असेल, तर ते झुडपी आहे. ही परीक्षा करावयास कोणाला विचारावे लागत नाही, की पैसा लागत नाही.

आता आपल्या पुसदच्या उन्हाविषयी. टोमॅटो हे मुळात दक्षिण अमेरिकेतील डोंगराळ मुलखाचे झाड. त्याला सौम्य हवा आवडते. आपल्याकडे अश्विन-कार्तिकात लावलेली झाडे पौष-माघात भराला येतात, तोवर सारे ठीक असते. फाल्गुन लागला की ऊन चढू लागते. फळावर पानाची सावली नसेल तर उन्हाकडच्या बाजूला प्रथम पिवळट-पांढरा, कागदासारखा चट्टा पडतो आणि पुढे तेथूनच फळ सडते. हा रोग नव्हे. हे फळ भाजणे आहे. पारा ३० अंशांच्या पुढे गेला की फळात लाल रंगही नीट चढत नाही. फळ पिवळसर नारिंगीच राहते. दिवसाची उष्णता ३५ अंशांच्या पुढे आणि रात्रीची २१-२२ च्या वर राहू लागली की फुले गळू लागतात. चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तर झाडाला जगण्याचीच पंचाईत पडते. अशा मुलखात पान ही फळाची छत्री आहे. फळाला ऊन लागावे म्हणून पाने काढावीत, असे कोणी सांगितले तर मानू नये. फळ पिकते ते उबेने. त्याला स्वतःला ऊन लागावेच लागते असे नाही. म्हणून माझे सांगणे असे की, संक्रांतीनंतर आपल्याकडे कोणीही टोमॅटोची हिरवी, निरोगी पाने काढू नयेत. उलट फाल्गुनात दुपारच्या उन्हाला एखादे जुने पातळ किंवा हिरवी जाळी आडवी बांधावी.

आणखी एक गोष्ट आपल्या स्वयंपाकघराशी संबंध असलेली आहे. छाटणीने फळ मोठे आणि लवकर मिळते, असे मी म्हटले. पण मोठे फळ कोणाला हवे असते? बाजाराला. आपल्याला सार करावयाचे असते, वांग्याच्या भाजीत टाकावयाचे असते, चटणी वाटावयाची असते. तेथे फळ लिंबाएवढे असले काय आणि मोसंब्याएवढे असले काय, वजन आणि चव महत्त्वाची. लवकर फळ कोणाला हवे असते? जो बाजारात पहिला पोचेल त्या शेतकऱ्याला, कारण त्याला भाव मिळतो. आपल्या घरी टोमॅटो पिकू लागतो तेव्हा हिवाळा असतो, आणि हिवाळ्यात मंडईत टोमॅटोची रेलचेल असते. पंधरा दिवस आधी फळ मिळून आपला फारसा पैसा वाचत नाही.

टोमॅटो आपल्याला रडवितो तो बहुधा पावसाळ्यात. २०२३ सालचा जुलै आपण विसरलो नाही. किलोचा भाव शंभराच्या कितीतरी वर गेला, आणि १४ जुलैपासून दिल्लीत केंद्र सरकारने सहकारी संस्थांमार्फत ९० रुपये किलोने सवलतीची विक्री सुरू केली. नव्वद रुपये ही सवलत! त्या दिवसांत अंगणात झाडे नव्हती, कारण उन्हाळ्याने ती नेली होती. मग घरच्या बागेचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग आहे, पण तो वाळवणाच्या मार्गाने. मोकळे वाढलेले झाड लहान-मध्यम फळे पुष्कळ देते, आणि ती माघ-फाल्गुनात एकदम येतात. त्याच सुमारास आपली पापड-कुरड्यांची वाळवणे सुरू होतात. पिकलेल्या टोमॅटोच्या चकत्या करून, थोडे मीठ लावून, पातळ फडक्याखाली कडकडीत वाळवाव्यात आणि कोरड्या बरणीत घट्ट झाकून ठेवाव्यात. टोमॅटोत शेकडा सुमारे ९४ भाग पाणी असते. म्हणून एका किलोच्या हाती साठ-सत्तर ग्रॅम येतात, हे आधीच ध्यानात ठेवावे. पण आषाढात वरणात टाकावयास त्या चार चकत्या पुरतात. ज्या बाईला वाळवण घालावयाचे आहे तिला एकूण वजन हवे, आणि एकूण वजन मोकळ्या झाडाचेच अधिक.

याचा अर्थ झाडाला मुळीच हात लावू नये, असा नाही. एक छाटणी मी सर्वांना, सर्व जातींच्या झाडांसाठी सांगेन. झाड हातभर उंच झाले आणि पहिला घोस आला की त्या घोसाखालची, मातीला टेकणारी पाने काढून टाकावीत. पाणी घालताना किंवा पाऊस पडताना माती उडते आणि तिच्याबरोबर करप्याचे बीज खालच्या पानांवर जाते. तेथून करपा वर चढतो. जमिनीपासून वीतभर खोड मोकळे ठेवले तर ही शिडीच काढून घेतल्यासारखे होते. जून झालेली, पिवळी पडलेली आणि डाग पडलेली पानेही वेळच्या वेळी काढून लांब टाकावीत. ती झाडाखाली पडू देऊ नयेत.

मात्र पाने वर वळली, चुरगळली, झाड खुजे राहिले, म्हणजे ज्याला आपण बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतो तो झाला, तर छाटणीने काही होत नाही. तो रोग पांढरी माशी आणते, आणि आपल्या सभोवार पऱ्हाटीची शेते असल्यामुळे तिला तोटा नाही. रोग झाडाच्या सर्व अंगात भिनलेला असतो. शेंडा खुडून तो जात नाही. असे झाड लहानपणीच उपटून टाकावे, म्हणजे शेजारची वाचतात. बंगळुरूच्या उद्यानविद्या संस्थेने या रोगाला दाद न देणारी 'अर्का रक्षक' ही संकरित जात काढली आहे. बी घेताना अशा जातीची चौकशी करणे छाटणीपेक्षा पुष्कळ फायद्याचे.

दुसरा एक धोका आपल्या हातांतच आहे. तंबाखू आणि टोमॅटो एकाच कुळातले. तंबाखूला जो विषाणूचा रोग होतो तो टोमॅटोलाही होतो. पानांवर फिकट-गडद हिरवे ठिपके पडतात आणि झाड खंगते. जगात विषाणूंचा शोधच प्रथम या तंबाखूच्या रोगावरून लागला. इव्हानोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९२ साली आणि बायरिंक या डच शास्त्रज्ञाने १८९८ साली त्यावर काम केले. हा विषाणू वाळलेल्या तंबाखूतही कित्येक वर्षे टिकतो. म्हणून तंबाखू मळलेल्या किंवा मिश्रीच्या हाताने टोमॅटोच्या फुटी मोडल्या तर रोगाची लागणच केल्यासारखे होते. घरातील पुरुषमंडळी उत्साहाने बागेत शिरली तर त्यांना आधी साबणाने हात धुवावयास लावावे. बागेच्या निमित्ताने तंबाखूच सुटली तर झाडापेक्षा अधिक फळ मिळाले, असे समजावे.

ज्यांना जागेच्या अडचणीमुळे छाटणी करावयाची आहे, त्यांच्यासाठी रीत सांगते. झाड वेलवर्गी आहे याची खात्री करावी. पहिल्या घोसाखालच्या सर्व फुटी काढाव्यात. त्या घोसाच्या लगेच खालची जी एक जोमदार फूट असते ती तेवढी राखावी. तिचे दुसरे खोड होते. दोन्ही खोडे निरनिराळ्या दोऱ्यांनी वर न्यावीत. पुढे दर आठवड्याला एक फेरी मारावी आणि बोटाच्या दोन पेरांएवढ्या झालेल्या फुटी चिमटीत धरून बाजूला वाकवाव्यात. त्या कट्कन मोडतात. सकाळचे दव वाळल्यावर हे काम करावे, ओल्या झाडाला हात लावू नये. फूट पेन्सिलीएवढी जाड झाली असेल तर ती मुळापासून ओढू नये. मोठी जखम होते. तिची दोन पाने राखून पुढचा शेंडा तेवढा खुडावा. फूट वाढत नाही आणि त्या दोन पानांची सावली फळाला मिळते. आपल्या हवेला ही रीत विशेष मानवते.

काढलेल्या फुटी मात्र फेकू नयेत, आणि ही गोष्ट आपल्यासारख्या मंडळाच्या उपयोगाची आहे. निरोगी झाडाची वीतभर लांबीची फूट घ्यावी, खालची पाने काढावीत आणि ती पाण्याच्या पेल्यात किंवा ओल्या मातीत सावलीत ठेवावी. आठ-दहा दिवसांत तिला मुळे फुटतात. हे नवे झाड अगदी मूळ झाडासारखेच निपजते. संकरित जातीच्या फळातले बी धरले तर तसे होत नाही. पुढची झाडे निरनिराळी निघतात. म्हणजे एका चांगल्या रोपावर चार घरांची सोय होऊ शकते. वेळ मात्र साधावी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अशी रोपे वाण म्हणून लुटण्याची कल्पना गोड आहे, परंतु तेव्हा लावलेल्या झाडाला फूल येते न येते तोच ऊन गाठते. भाऊबीजेच्या सुमारास रोपांची देवघेव झाली तर त्यांना सबंध हिवाळा मिळतो.

शेवटी एवढेच सांगेन की, टोमॅटोचे फळ वाढविणारी कामे छाटणीपेक्षा निराळी आहेत आणि ती अगदी साधी आहेत. झाडाला वेळीच आधार द्यावा. आपल्याकडे तुराट्यांना आणि पऱ्हाट्यांना तोटा नाही. चार तुराट्या रोवून भोवती सुतळी फिरविली की फळ मातीला टेकत नाही. बुडाशी सोयाबीनचे किंवा तुरीचे कुटार चार बोटे पसरावे; माती उडत नाही आणि ओल टिकते. पाणी एक दिवस भरपूर आणि चार दिवस काहीच नाही, असे घालू नये. तशाने फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो आणि फळे तडकतात. फार छाटलेल्या झाडात ही दोन्ही दुखणी अधिक दिसतात. गॅलरीत वारा खेळत नसेल तर फुले आल्यावर सकाळी घोसाला हलकी टिचकी मारावी; फळ चांगले धरते. ही कामे केली आणि एकही फूट काढली नाही, तरी घरापुरते टोमॅटो मिळतात. ही कामे केली नाहीत आणि फुटी मात्र काढीत बसलो, तर मेहनत तेवढी पदरात पडते.

माझ्या सांगण्यावर कोणीही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. आपल्या मंडळात पुष्कळ घरांत अंगण आहे, आणि तराजू तर प्रत्येकीच्या ओळखीचा. पुढच्या हिवाळ्यात ज्यांना शक्य आहे त्यांनी एकाच जातीची सहा रोपे एकाच दिवशी लावावीत. तीन मोकळी वाढवावीत, तीन दोन खोडांवर बांधावीत. पाणी, खत सारखेच द्यावे. पहिले फळ कोणत्या तारखेला तोडले, एकूण वजन किती, फळे किती आणि उन्हाने किंवा डागाने वाया गेली किती, एवढ्या चार गोष्टी दिनदर्शिकेच्या पानावर लिहीत जाव्यात. दहा घरांतून असा हिशेब आला तरी पुसदच्या मातीत आणि पुसदच्या उन्हात काय चालते, हे आपल्याला परक्या मुलखातल्या चित्रफितीकडून शिकावे लागणार नाही. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत तो हिशेब छापता आला, तर सासू बरोबर की सून बरोबर, याचा निकाल झाडच देईल.